पुतळी, रुपया आणि वधूचें नांव

फ्रान्स देशांत विवाहप्रसंगीं वरानें वधूस तेरा नाणीं द्यावयाचीं, अशी जुनी चाल होती. पुरोहित तीं मंत्रून देई. १९ व्या शतकांत पॅरिसच्या टांकसाळींत याच कामासाठीं रुप्याचीं पदकेंहि पाडीत. एका बाजूस एकमेकांत गुंतलेले दोन हात किंवा विवाहदेवतेची मशाल. दुसरीकडे मोकळी जागा. तींत वधूवरांचीं नांवें व विवाहाचा दिवस कोरून घेत. शंभर वर्षांनंतर असें पदक परक्याच्या हातीं पडलें, तरी तें कोणाचें हें त्यास वाचतां येतें.

आपल्याकडे असें कांहीं होतें काय? होतें, आणि याहून पुष्कळ जुनें. गुप्तांच्या एका सुवर्णमुद्रेवर पहिला चंद्रगुप्त व त्याची राणी समोरासमोर उभीं आहेत. राजा तिला कांहीं अलंकार देत आहे. कोणी अंगठी म्हणतात, कोणी कंकण. राजाच्या नांवाबरोबर 'कुमारदेवी' हें नांवहि तेथें आहे, आणि पाठीमागें 'लिच्छवयः' हें वधूच्या माहेरचें कुळ! जांवयाच्या नाण्यावर सासुरवाडीचें नांव, हें आजच्या व्याह्यांनीं अवश्य पहावें. ही मुद्रा चंद्रगुप्ताची कीं त्याच्या पुत्राची, हा विद्वानांचा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. या कुमारदेवीची पणती प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून होऊन आमच्या विदर्भांत, रामटेकजवळच्या नंदिवर्धनास आली. तिनें आपल्या ताम्रपटांत पणजीचें नांव लिहविलें आहे.

पुढें मात्र हें नांव नाण्यावरून गेलें. पुतळ्यांच्या माळेचेंच पहा. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचें सोन्याचें नाणें. त्यावर संत मार्कापुढें गुडघे टेकलेला तेथील अधिपति. आमच्या आज्यापणज्यांनीं त्या मनुष्याकृतींस पुतळी म्हटलें व ख्रिस्ती संत खुशाल गळ्यांत घातला. मग सोनार लक्ष्मीच्या छापाच्या पुतळ्या करूं लागले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत गोंड व माडिया स्त्रिया जुन्या रुपयांच्या माळा घालतात. त्यांवर व्हिक्टोरिया राणीचा किंवा जॉर्ज बादशहाचा मुखवटा. लेणारीचें नांव ना पुतळीवर, ना रुपयावर.

विवाहाग्नीसमोर मिळालेल्या धनास मनूनें 'अध्यग्नि' म्हणून स्त्रीधनांत घातलें आहे. परंतु १९४० पूर्वींच्या रुपयांत बारांतले अकरा भाग शुद्ध रुपें असे, त्यामुळें माळ मोडींत घेणारा दारांतच उभा असतो. घरांत अडचण आली कीं प्रथम सुनेच्या गळ्याकडेच पाहतात, आणि मुशींत गेलेली माळ कोणत्या लग्नांतली, हें मग नातवंडांस कोण सांगणार? निदान माळेच्या फांसकीवर नांव व शक घालून घ्यावा. सोनारास तें अवघड नाहीं.