दोष दिसतो तिथेच असतो?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन सुटे भाग मागवून अनेक मुलेमुली स्वतःचा गेमिंग पीसी घरीच जोडतात. त्यांतली कित्येक जण पहिला प्रोग्रॅमही त्याच मशीनवर लिहितात. दोन्ही कामांत एकच समजूत पैसा आणि उमेद वाया घालवते: लक्षण जिथे दिसले, तिथेच दोष आहे. ही समजूत वेगवेगळ्या रूपांत भेटते.

गैरसमज: गेम अडखळतो, म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडते.

वस्तुस्थिती: नवे कार्ड घेण्याआधी पीसीची मागची बाजू पाहा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टला लावली असेल, तर गेम बहुधा प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालतो आणि महागडे कार्ड रिकामे बसते. केबल कार्डच्याच पोर्टला हवी. 144 हर्ट्झचा मॉनिटरही विंडोजमध्ये अनेकदा 60 हर्ट्झवरच राहतो. हा आकडा डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलावा लागतो. रॅमच्या खोक्यावर लिहिलेला वेग सहसा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केल्यावरच मिळतो. रॅमच्या दोन स्टिक असतील, तर चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. यांतल्या एकाही दुरुस्तीला रुपया लागत नाही.

गैरसमज: पहिल्यांदा चालू केले आणि स्क्रीन काळीच राहिली, म्हणजे मदरबोर्ड गेला.

वस्तुस्थिती: डीडीआर5 रॅमची मशीन पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. घाबरून बटण दाबून ठेवले, तर हे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बराच वेळ थांबूनही चित्र आले नाही, तर मदरबोर्डवरचे बारीक दिवे पाहा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार दिवे असतात. जो पेटलेलाच राहतो, त्या टप्प्यावर तपासणी अडली आहे. नेहमीची कारणे साधी असतात: रॅम ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबलेली नसते, किंवा प्रोसेसरची वेगळी 8 पिनची पॉवर केबल लावायची राहून गेलेली असते.

गैरसमज: 80 प्लसचा शिक्का असला की पॉवर सप्लाय दर्जेदार आणि सुरक्षित.

वस्तुस्थिती: हा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे घेतलेल्या विजेचा किती भाग कामी येतो एवढेच. आतल्या संरक्षक सर्किटची किंवा टिकाऊपणाची हमी त्यात नसते. कमकुवत पॉवर सप्लायचा दोष दिसतो मात्र भलतीकडे: ऐन गेममध्ये मशीन रीस्टार्ट होते आणि संशय ग्राफिक्स कार्डवर जातो. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर 41’ दिसले, तर त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. का, हे ती नोंद सांगत नाही. एका कंपनीच्या पॉवर सप्लायच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि भाग जळू शकतात.

गैरसमज: संदेशात ज्या भागाचे नाव येते, तोच बिघडलेला असतो.

वस्तुस्थिती: अनरिअल इंजिनवर चालणारे काही गेम अनेकांच्या मशीनवर ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडत. साहजिकच ग्राफिक्स कार्डवर खापर फुटले. दोष निघाला इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये. गेमचा दाबून ठेवलेला डेटा उलगडताना प्रोसेसर चुका करी आणि संदेश मात्र व्हिडिओ मेमरीचा येई. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर कालांतराने खराब होत असल्याचे 2024 साली इंटेलने मान्य केले. त्यावर बायोसमधून देण्याची मायक्रोकोड दुरुस्ती आली आणि वॉरंटी 2 वर्षांनी वाढली. पण खराब झालेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरा होत नाही. तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.

गैरसमज: प्रोग्रॅम बरोबर आहे, उत्तर चुकले, म्हणजे कॉम्प्युटर किंवा कंपायलर बिघडला.

वस्तुस्थिती: आपल्याकडच्या अनेक कॉलेजांनी वर्षानुवर्षे टर्बो सी++ वर सी शिकवली. त्यात 8चे फॅक्टोरियल ‘इंट’मध्ये काढले, तर 40320 ऐवजी उणे 25216 येते. तिथला ‘इंट’ 16 बिटांचा असतो आणि त्यात 32767 पर्यंतच संख्या मावते. तोच प्रोग्रॅम आजच्या कंपायलरवर बरोबर उत्तर देतो आणि 13च्या फॅक्टोरियलला पुन्हा चुकतो, कारण 32 बिटही तिथे अपुरे पडतात. पायथनमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 दिसते, कारण 0.1 हा अपूर्णांक बायनरीत नेमका लिहिताच येत नाही.

प्रोसेसर खरोखर चुकल्याचे प्रसिद्ध उदाहरण 1994चे आहे. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. पण तसे जाहीर करण्याआधी त्यांनी आपला प्रोग्रॅम, कंपायलर आणि मशीनचे इतर भाग यांच्यावरचा संशय एकेक करून अनेक महिने तपासला. नवशिक्यांनी नाइसलींकडून नेमके हेच घ्यावे.

गैरसमज: कंपायलरने सातवी ओळ दाखवली, म्हणजे चूक सातव्या ओळीत.

वस्तुस्थिती: सहाव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला, तर कंपायलरला ते कळते सातवी ओळ वाचायला घेतल्यावर. एक महिरपी कंस सुटला, तर वीसवीस तक्रारी येऊ शकतात. अशा वेळी फक्त पहिली तक्रार वाचा, तिच्या आधीची ओळही पाहा, तेवढेच दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा.

मशीन असो वा प्रोग्रॅम, पद्धत एकच ठेवा. संदेश शब्दशः लिहून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडला ते टिपून ठेवा. संशयित भाग शक्यतो मित्राच्या मशीनवर लावून पाहा. दोष सिद्ध होईपर्यंत नवा भाग विकत घेऊ नका, आणि ‘मला हे जमणार नाही’ असा निकालही देऊ नका.