ब्रॉडबँडची पेटी घेताना

साधा कुकर घ्यायचा तरी आपण चार दुकाने फिरतो. तळ जाड आहे का, रबर सहज मिळते का, दुरुस्ती जवळपास होते का, सगळे विचारून मगच पैसे मोजतो. मग घरात इंटरनेट घेतानाच "तुम्हीच काय ते बघा" म्हणून बाजूला का व्हायचे? वसई-विरारकडची निम्मी मंडळी सकाळी चर्चगेट लोकल पकडतात ती रात्रीच परततात. दुपारी कनेक्शन जोडणारा माणूस दार वाजवतो तेव्हा घरात असतो आपणच, आणि पैसेही घरखर्चातूनच जायचे असतात. तेव्हा या पेटीची थोडी माहिती आपल्याला हवीच.

आधी तार पाहा

मोडेम आणि राऊटर ही दोन कामे वेगळी. बाहेरून तारेतून आलेले इंटरनेट घरात घेतो तो मोडेम. आणि ते मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप यांना वाटून देतो तो राऊटर. दोन्ही कामे करणारी एकच पेटीही मिळते. ती स्वस्त पडते, जागा कमी अडवते, पण ती तुमच्या तारेची असली पाहिजे.

वसईच्या खाडीपलीकडे मीरा-भाईंदरपर्यंत एमटीएनएलचे फोन होते. अलीकडे, 0250 क्रमांकाच्या आपल्या भागात, बीएसएनएलचे. त्या तांब्याच्या तारेवर 2005 पासून ब्रॉडबँड मिळू लागले. त्या वेळचा मोडेम अजून कुणाच्या माळ्यावर असेल. भाईंदरच्या नणंदेने "फुकट घेऊन जा" म्हटले, तरी आधी विचार करा. आता बहुतेक ठिकाणी फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची तार येते, आणि तिला तो जुना मोडेम चालत नाही.

फायबरच्या पेटीला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. तिचा क्रमांक कंपनीला आपल्याकडे नोंदवावा लागतो. म्हणून बाजारातून परस्पर आणलेली पेटी चालेलच असे नाही. आधी कंपनीला किंवा केबलवाल्याला विचारा: पेटी तुम्ही देणार का? अनामत किती, ती परत मिळते का, की दरमहा भाडे? महिना 50 रुपये भाडे म्हटले तरी दोन वर्षांत 1,200 रुपये होतात. साधा राऊटर साधारण तेवढ्यातच येतो, बरं का! दरात 18 टक्के जीएसटी धरला आहे की वर लागणार, तेही तेव्हाच विचारून घ्या.

घर केवढे, भिंती कशा

नालासोपाऱ्याच्या वन-आर-के घरात कंपनीने दिलेली पेटी बहुधा पुरते. तिथे वेगळ्या राऊटरवर खर्च करण्याचे कारण नाही. वसई गावाकडच्या वाडीतले जाड भिंतींचे, दुमजली घर असेल तर गोष्ट वेगळी. खाली पेटी आणि वर मुलांचा अभ्यास, असे असेल तर एकच पेटी कितीही महाग घेतली तरी लाटा भिंतीत अडतात. अशा वेळी वरच्या मजल्यापर्यंत तार ओढून तिथे दुसरा साधा राऊटर लावणे बरे.

पेटीवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे आकडे दिसतील. 2.4 च्या लाटा लांब जातात, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतात. 5 च्या लाटा वेगवान, पण पल्ला कमी. इमारतीत शेजारीपाजारी सगळ्यांचे वायफाय 2.4 वरच गर्दी करत असेल, तर दोन्ही असलेला, म्हणजे ड्युअल बँड राऊटर घ्यावा. थोडे पैसे जास्त पडतात, पण त्यांचे चीज होते.

खोक्यावरच्या "300 एमबीपीएस"ला मात्र भुलू नका. तो हवेतून जाणाऱ्या लाटांचा कागदावरचा वेग. तार जोडायचे भोक 100 चेच असेल, तर 200 चा प्लॅन घेऊनही घरात 100 च्या वर वेग येणार नाही. मोठा प्लॅन असेल तर "गिगाबिट पोर्ट" आहे ना, एवढे दुकानदाराला विचारा. आणि 50 किंवा 100 चाच प्लॅन असेल, तर त्यासाठी जादा पैसे कशाला?

बसवणारा आला की

पेटी कुठे लावायची ते आपण सांगावे. नाहीतर तो दाराजवळच ठोकून मोकळा होतो. घराच्या मध्यावर, उंचावर जागा द्या. लोखंडी कपाटामागे नको, मायक्रोवेव्हशेजारीही नको, मायक्रोवेव्ह 2.4 च्या आसपासच्याच लाटांवर चालतो आणि अडथळा आणतो. फायबरची तार कोपऱ्यात दुमडू देऊ नका. एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर बाहेरून येणारा प्रकाश तुटला असे समजा. तक्रार करताना तेवढेच सांगितले तरी काम लवकर होते.

आपल्याकडचा पावसाळाही ध्यानात घ्या. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या. तळमजल्यावर पेटी जमिनीलगत ठेवूच नये. वीज जाते-येते त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना त्याचे व्होल्ट आणि अँपिअर पेटीच्या अडॅप्टरवरच्या आकड्यांशी जुळवा. पेटी आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी, हे विसरू नये.

शेवटची गोष्ट पासवर्डची. पेटीखाली छापलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. घरी शिकवण्या घेणारी, मोबाईलवर फराळाच्या ऑर्डरी घेणारी बाई पासवर्डसाठी संध्याकाळपर्यंत कुणाची वाट पाहत बसली तर दिवस वाया जातो. जमल्यास कनेक्शन आपल्याच नावावर घ्या. अनामतीची पावती जपून ठेवा. पुढे अनामत परत मिळेना झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि तिथे आधी पावतीच लागते.