हजेरी संपायला सव्वानऊ दिवस

खाजगी शाळा म्हटली की हल्ली पहिला प्रश्न फीचा येतो. मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय ज्या रयत शिक्षण संस्थेचं आहे, तीही कागदोपत्री खाजगीच. संस्थेचे आकडे मात्र वेगळ्याच जातकुळीचे.

आज रयतच्या शाखा सातशेच्या वर आणि विद्यार्थी चार लाखांच्या पुढे आहेत. २०११च्या जनगणनेत अख्ख्या जुन्नर तालुक्याची लोकसंख्या साधारण एवढीच भरली होती. या सगळ्या विद्यार्थ्यांची हजेरी एकाच गुरुजींनी घ्यायची म्हटली, 'हजर' धरून एका नावाला दोन सेकंद दिले, तर न जेवता, न झोपता सव्वानऊ दिवस जातील. दीड फुटाला एक अशी रांग लावली तर तिचं एक टोक साताऱ्यात आणि दुसरं पुणे, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावच्या आसपास!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही संस्था काढली ४ ऑक्टोबर १९१९ला, कराडजवळच्या काले गावात. ९ मे १९५९ला कर्मवीर गेले, तोवरचा हिशेब सांगतात तो असा: ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ हायस्कुलं, ३८ वसतिगृहं, ६ ट्रेनिंग कॉलेजं आणि ३ महाविद्यालयं. एकूण ७३३. म्हणजे साडेएकोणचाळीस वर्षं सरासरी दर वीस दिवसांनी एक. आज वीस दिवसांत एका वर्गखोलीचा स्लॅबसुद्धा पडत नाही. सरासरी फसवी असते, हे खरं. व्हॉलंटरी शाळेला इमारत लागायचीच असं नाही, गावानं दिलेल्या जागेत एक मास्तर बसला की शाळा सुरू. पण तो मास्तर आणायचा कुठून? म्हणून १९३५मध्ये साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेजही काढलं.

मला सगळ्यात चक्रावून टाकतो तो मुष्टिफंड. घरोघर फिरून मूठ-मूठ धान्य गोळा करायचं आणि त्यावर वसतिगृह चालवायचं. एक मूठ ज्वारी पन्नास ग्रॅम धरू. पन्नास पोरांचं दोन वेळचं पोट भरायला वीस किलो तरी हवी, म्हणजे रोज चारशे मुठी. कोठी रिकामी झाली की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही विकलं. १९३०मध्ये त्या गेल्या.

याच मापानं आजच्या चार लाखांना जेवू घालायचं तर रोज १६० टन ज्वारी लागेल. दहा टनी सोळा ट्रक, नाहीतर बत्तीस लाख मुठी. २०११च्या त्याच जनगणनेत जुन्नर आणि आंबेगाव तालुके मिळून माणसं सव्वासहा लाखांच्या घरात होती. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला रोज पाच मुठी काढून द्याव्या लागतील.