सूर्यनमस्कार : एकेक पायरी

कॉन्व्हेंटमध्ये पी.टी. भरपूर केली, पण सूर्यनमस्कार शिकले ते हॉस्टेलवर. पहिल्याच दिवशी हौसेने पंचवीस घातले आणि दोन दिवस जिना उतरता येईना! मग ठरवलं, रोज एकच स्थिती पक्की करायची.

स्थिती बारा, पण शेवटच्या चार म्हणजे पहिल्या चारच, उलट्या क्रमाने. म्हणजे पाठ करायच्या फक्त आठ! मागे वाकताना श्वास आत, पुढे वाकताना बाहेर. सहावीत पावलं, गुडघे, तळवे, छाती, कपाळ टेकतात, म्हणून ती साष्टांग.

बलोपासना सांगणारे समर्थ रामदास १६०८ साली आपल्याच जिल्ह्यातल्या जांबेत जन्मले. पुढे औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार नेले.

कंबर दुखली तर मात्र थांबा. मग, उद्या सकाळी सहाला उठताय ना?