दारावरच्या पाटीची अक्षरं रंगवताना

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत आपण माळ्यावरचे रिकामे डबेसुद्धा घासतो, पण फाटकाजवळच्या नावाच्या पाटीकडे किती जणी बघतो? मी तरी बघत नव्हते. एक दिवस कुरिअरवाला आमच्याच दारात उभा राहून शेजारच्या काकूंना विचारत होता, ‘इंदुसदन कुठं आलं?’ तेव्हा मान वर करून पाहिलं. सागवानी फळी उन्हापावसानं काळवंडलेली आणि तिच्यात कोरलेली अक्षरंही तितकीच काळी. बोट फिरवलं तर लागत होती, डोळ्यांना मात्र दिसत नव्हती.

ही पाटी मामंजींनी निवृत्त झाल्यावर स्वतः कोरली होती. घराला नाव सासूबाईंचं. मामंजी आता नाहीत. मी पाटी रंगवते म्हटल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘अगं, त्यांच्या हातचं अक्षर आहे ते. बिघडलं तर पुन्हा कोण कोरणार?’’ पेंटरकडे द्यावी, तर पाटी घराबाहेर जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या.

म्हणून आधी मोडक्या पाटाच्या तुकड्यावर पटाशीनं दोन अक्षरं कोरून पाहिली आणि त्यांत सरळ पांढरा ऑइलपेंट भरला. व्हायचं तेच झालं! टीपकागदावर शाई फुटावी तसा रंग लाकडाच्या रेषांतून बाहेर पसरला. पुसला तर आणखी आत गेला. हाच प्रयोग मूळ पाटीवर केला असता तर, या विचारानं अंगावर काटा आला.

मी सकाळी अर्धवेळ शाळेत शिकवते. तिथं फलक रंगवायला येणाऱ्या पेंटरकाकांना तो तुकडा दाखवला. ते हसले आणि म्हणाले, ‘‘बाई, आधी लाख, मग रंग.’’ सगळी मेख इथंच आहे. चपडा लाखेचं पॉलिश लाकडाची छिद्रं बुजवतं, त्यामुळे रंग खाचेतच राहतो. शिवाय लाख विरघळते स्पिरिटमध्ये, टर्पेंटाइनमध्ये नाही. आणि ओला ऑइलपेंट निघतो टर्पेंटाइननं. म्हणजे रंग काठाबाहेर गेला तरी पुसता येतो आणि खालच्या पॉलिशला धक्का लागत नाही. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

आता कृती सांगते. पाटी भिंतीवरून उतरवा आणि टेबलावर आडवी ठेवा. उभ्या पाटीवर रंग ओघळतो. खाचांतली माती कोरड्या टूथब्रशनं आणि दात कोरायच्या काडीनं काढा. पाण्यानं धुऊ नका, लाकडाचे तंतू उठतात. मग 180 नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून रेषांच्या दिशेनं हलका फिरवा. ठोकळा हवाच, नुसत्या बोटांनी घासलं तर अक्षरांचे काठ गोल होतात. पाव लिटर स्पिरिटमध्ये साधारण 30 ग्रॅम चपडा लाख काचेच्या बरणीत रात्रभर भिजवून मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. पत्र्याच्या डब्यात नको, काळी पडते. हिचे दोन पातळ हात खाचांच्या आतूनसुद्धा द्या. स्पिरिट चटकन पेट घेतं, तेव्हा गॅस आणि देवघरातली समई यांच्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून बसा हं.

रंगाची अगदी लहान डबी पुरते. गडद लाकडाला पांढरा किंवा सायीचा रंग खुलतो, फिकट लाकडाला काळा. सोनेरीचा मोह मलाही झाला होता, पण तो रंग बाहेरच्या हवेत काळपट पडतो. ब्रश 1 नंबरचा. ब्रश काठावर टेकवायचा नाही. खाचेच्या मध्यावर ठेवून हळू ओढायचा, रंग आपोआप काठापर्यंत जातो. पेंटर लोक डाव्या हातात आडवी काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवतात. मी भाकरीचं लाटणं, छे, पोळीचं लाटणं, दोन पुस्तकांवर आडवं ठेवलं! शिरोरेषा सोपी. खरी परीक्षा ‘दु’ची. त्याची गाठ, खालचा उकार आणि मधली चिंचोळी जागा, तिथं तर मी श्वासच रोखला होता. एकाच जाड हातात संपवायला जाऊ नका. तळाशी रंग साचतो आणि वर सुरकुती धरते. दोन पातळ हात द्या, मध्ये एक रात्र जाऊ द्या.

बाहेर गेलेला रंग लगेच पुसायचा. फडकं काडेपेटीला ताणून गुंडाळा, टर्पेंटाइननं जेमतेम ओलं करा आणि पाटीवरून फिरवा. सैल फडकं खाचेत शिरून आतला रंगही उचलतं. लाख पावसानं पांढुरकी होते, म्हणून रंग पुरता वाळल्यावर कोपल वार्निशचे दोन हात हवेतच. आणि हे सगळं पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत काहीच धड वाळत नाही.

वार्निशच्या आदल्या संध्याकाळी पाटी सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं, मग अक्षरांवरून बोट नेलं. ‘‘छान झालंय. पण माझा अनुस्वार कुठाय?’’

खरंच की! ते टिंब मातीनं इतकं बुजलं होतं की मला दिसलंच नव्हतं. दोन दिवस मी ‘इदुसदन’ रंगवत बसले होते. सुईनं टिंब मोकळं केलं, लाख लावली, ती वाळू दिली आणि आगकाडीचं मागचं टोक रंगात बुडवून ती काडी त्यांच्याच हातात दिली. त्यांचा हात हल्ली थोडा कापतो. ठिपका जरा मोठाच पडला, काठाबाहेरही गेला. मी काडेपेटीचं फडकं पुढे केलं, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

‘‘राहू दे,’’ म्हणाल्या. तो तसाच आहे. त्यावरूनच वार्निश दिलं.