हेडचे दहा बोल्ट

बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या हॉर्नमुळे जासई नाक्यावर हळू बोलून भागत नाही. मिस्त्री मात्र व्हर्नियर हातात आला की गप्प होतो.

माझ्या गाडीचं हेड गॅस्केट गेलं होतं. कुठे गळती नाही तरी कूलंट कमी, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. त्याने कडेपासून मध्याकडे थोडं थोडं सैल करत हेड खोललं. एका बाजूने सोडलं तर ॲल्युमिनियम वाकतं. दहाही बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचले.

“चांगलेच दिसतायत की,” मी म्हणालो. डोळ्यांसमोर अर्थात बिल होतं.

उत्तर न देता त्याने एक जुना आणि एक नवा बोल्ट घेतला, आट्यांत आटे अडकवून उजेडाकडे धरले. टोकाशी नीट बसले होते. वर सरकावं तशी फट दिसू लागली. जुना लांबला होता.

हेडचा बोल्ट म्हणजे खरं तर ताठ स्प्रिंग. तो ताणला जातो म्हणूनच हेड दाबून धरतो. पूर्वीच्या पुष्कळ इंजिनांत हा ताण बेताचा असे. सैल केला की बोल्ट मूळ लांबीवर येई, म्हणून तेच बोल्ट पुन्हा लागत. आताच्या अनेक गाड्यांत आधी ठरावीक टॉर्क, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असं आवळतात. दाब सगळीकडे सारखा पडतो, पण बोल्ट कायमचा लांबतो. दुसऱ्यांदा ताणला तर मधेच बारीक होऊन तुटण्याची भीती. काही कंपन्या लांबीची मर्यादा देतात, तिच्या आत असेल तर चालतो. काही सरळ नवेच घाला म्हणतात. “बघून कळत नाही, मोजून कळतं,” तो म्हणाला.

आटे गंजलेले असले तर टॉर्क रेंचसुद्धा फसवतो. एरवीही हाताचं बरंचसं बळ घर्षणातच जातं, प्रत्यक्ष ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो; गंजाने तोही घटतो. भोकात तळाशी ऑइल राहिलं तर आणखी वाईट: ते दाबलं जात नाही, ब्लॉकच तडकू शकतो.

म्हणून नवे बोल्ट लावण्याआधी त्याने जुन्यांतला एक उचलला, करवतीने त्याच्या आट्यांत उभ्या खाचा पाडल्या आणि तोच हाताने फिरवत दहाही भोकांतली घाण काढली.