छातीतील अनुकंपी साखळी आणि तळहाताचा घाम

पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्या जिथे मणक्यांना मिळतात तिथे, एक पांढरट, बारीक दोरीसारखी रचना छातीत उभी उतरलेली असते. अनुकंपी मज्जातंतूंची ही साखळी. ठरावीक अंतराने तिच्यावर मज्जापेशींच्या गुच्छिका असतात आणि तिच्यावरून परिफुप्फुसाचा पातळ, चकाकता पडदा गेलेला असतो. नाडीचा वेग, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, डोळ्याच्या बाहुलीचे रुंदावणे आणि घाम या सगळ्यांचे आदेश या साखळीतून जातात. छातीच्या वरच्या भागात ती ठरवून तोडणे किंवा दाबून बंद करणे, या शस्त्रक्रियेला डॉक्टर ‘थोरॅसिक सिम्पथेक्टमी’ म्हणतात.

हाताच्या घामासाठी छाती का उघडायची, याचे उत्तर तंतूंच्या वाटेत आहे. हाताला आदेश देणारे तंतू मानेतून निघत नाहीत. ते छातीच्या पातळीवर मज्जारज्जूतून बाहेर पडतात, साखळीत शिरतात, तिच्यातून वर चढतात, वरच्या गुच्छिकांमध्ये पुढच्या पेशीला निरोप देतात आणि मग हाताच्या मोठ्या मज्जातंतूंबरोबर बोटांपर्यंत पोहोचतात. वर चढण्याची ही वाट तिसऱ्या-चौथ्या बरगडीवर तोडली की तळहात कोरडा होतो. डोळ्याकडे आणि चेहऱ्याकडे जाणारे तंतूही याच साखळीने वर जातात. त्यांतले डोळ्याचे बहुतेक तंतू अगदी वरच्या टोकाशी, पहिल्या बरगडीच्या पातळीवर तिच्यात शिरतात. शस्त्रक्रियेतल्या बऱ्याच काळज्या या शेजारामुळे निर्माण होतात.

सर्वाधिक वेळा ही शस्त्रक्रिया तळहातांच्या अतिघामासाठी होते. हा विकार बालपणी किंवा पौगंडावस्थेत सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच असतो, झोपेत थांबतो आणि अनेकदा घरात आणखी कुणाला तरी असतो. उन्हाळ्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवून लिहावे लागते, तरी शाई फुटते. मोबाइल बोटाचा ठसा ओळखत नाही. कुणी हात पुढे केला की आपला हात आधी पँटला पुसावा लागतो. जिवाला धोका नाही म्हणून या त्रासाला क्षुल्लक ठरवणे अन्यायाचे आहे. शिक्षण, नोकरी आणि लग्न ठरण्याच्या वयातच तो ऐन भरात असतो.

तरीही शस्त्रक्रिया ही पहिली पायरी नाही. अॅल्युमिनियम क्लोराइडचा लेप, पाण्यात हात बुडवून सौम्य वीजप्रवाह देण्याची आयनटोफोरेसिस पद्धत, ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या आणि बोटॉक्सची इंजेक्शने हे उपाय आधी होतात. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि बोटॉक्सचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. पण यांतला कोणताही उपाय थांबवता येतो. शस्त्रक्रियेचे तसे नाही.

अनुकंपी तंतू तोडण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अपस्मारासाठी मानेतील साखळीवर शस्त्रक्रिया झाल्या. 1916 मध्ये रुमानियातील शल्यविशारद थोमा योनेस्कू यांनी हृदयशूळासाठी हा मार्ग वापरला आणि 1920 मध्ये कोट्झारेफ यांनी अतिघामासाठी. त्या काळी साखळीपर्यंत पोहोचायला मान, पाठ किंवा काख मोठी उघडावी लागे. 1942 मध्ये ह्यूज यांनी दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया केली. 1950 च्या दशकात ऑस्ट्रियातील कुक्स यांनी ती मोठ्या प्रमाणावर केली. तरी व्हिडिओ कॅमेरा दुर्बिणीला जोडला जाईपर्यंत तिचा प्रसार झाला नाही. 1990 च्या दशकात मात्र ती जगभर पसरली, आणि काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त सैलपणे होऊ लागली.

आजच्या पद्धतीत रुग्णाला पूर्ण भूल देऊन अर्धवट बसते करतात आणि हात बाजूला पसरून काख मोकळी ठेवतात. काखेत अर्ध्या सेंटिमीटरची एक-दोन छिद्रे पुरतात. भूलतज्ज्ञ त्या बाजूच्या फुप्फुसात हवा जाणे थांबवतो किंवा छातीच्या पोकळीत थोडा कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, त्यामुळे फुप्फुस खाली बसते आणि जागा होते. पडद्यावर बरगड्यांची मुळे व त्यांवरून गेलेली साखळी दिसू लागते. पहिली बरगडी बहुधा चरबीत दडलेली असते, म्हणून बरगड्या मोजण्यात चूक होण्याचा धोका असतो. अनुभवी शल्यविशारद हत्यार लावण्याआधी दोनदा मोजतो. ठरलेल्या बरगडीवर साखळी विद्युतदाहाने तोडतात आणि त्याच बरगडीवर दोन-तीन सेंटिमीटर बाजूलाही दाह देतात, कारण काही जणांत साखळीला वळसा घालून हाताकडे जाणारे, कुंट्झ यांच्या नावाने ओळखले जाणारे तंतू असतात. रक्तवाहिन्या सैलावून तळहाताचे तापमान वाढले, की तंतू तुटल्याची खूण मिळते. मग हवा काढून फुप्फुस पुन्हा फुगवतात आणि दुसरी बाजू करतात. रुग्ण भुलीतून बाहेर येतो तेव्हा हात कोरडे आणि उबदार असतात. तळहातांच्या बाबतीत हे यश जवळपास खात्रीचे आहे.

अवघड निर्णय असतो कोणत्या पातळीवर तोडायचे याचा. पूर्वी गुच्छिकांच्या क्रमांकाने पातळी सांगत, पण गुच्छिकांची जागा माणसागणिक बदलते. 2011 मध्ये अमेरिकेतील थोरॅसिक शल्यविशारदांच्या संघटनेच्या तज्ज्ञांनी बरगडीच्या क्रमांकानेच नोंद करावी असे सुचवले. तळहातांसाठी तिसरी किंवा चौथी बरगडी, काखेसाठी चौथी व पाचवी, असा त्यांचा सल्ला होता. तिसरीवर तोडल्यास हात अधिक कोरडे होतात. चौथीवर तोडल्यास हातात किंचित ओल राहू शकते, पण नंतरचा त्रास कमी असतो. दुसऱ्या बरगडीवर हात घातला, तर डोळ्याच्या तंतूंना इजा होऊन पापणी ओघळण्याचा आणि बाहुली लहान होण्याचा, म्हणजे हॉर्नर लक्षणसमूहाचा, धोका वाढतो. किंचित ओलसर हात हा त्या मानाने खूपच स्वस्त सौदा आहे.

नंतरचा त्रास म्हणजे भरपाईचा घाम. हात कोरडे झाले की पाठ, पोट, छातीचा खालचा भाग आणि मांड्यांना पूर्वीपेक्षा जास्त घाम येतो. थोड्याफार प्रमाणात तो बहुतेकांना येतो आणि बहुतेक जण तो सोसतात. पण काहींना दिवसातून अनेकदा कपडे बदलावे लागतात, आणि असे रुग्ण शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप करतात. इतका घाम कुणाला येईल हे आधी नेमके सांगता येत नाही. तोडण्याऐवजी क्लिप लावली तर ती काढून सगळे पूर्ववत करता येते, असे रुग्णांना सांगितले जाते. हे आश्वासन बेभरवशाचे आहे. क्लिपखाली चेपलेले तंतू ऱ्हास पावतात आणि ती काढल्यावर पुन्हा काम करतीलच असे नाही. पायाच्या मज्जातंतूचा तुकडा जोडण्याचे प्रयत्नही झाले, पण खात्रीचे नाहीत. तैवानमध्ये ही शस्त्रक्रिया भरपूर होत असे. तिथे 2004 मध्ये वीस वर्षांखालील रुग्णांवर ती करण्यास बंदी आली.

म्हणून रुग्णाची निवड महत्त्वाची. वजन आटोक्यात, विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला 55 पेक्षा कमी नाही, झोपेत घाम नाही आणि त्रास मुख्यतः तळहातांचा, असा तरुण रुग्ण सर्वांत योग्य. नाडीची अट यासाठी, की हृदयाकडे जाणारे काही तंतूही तुटतात व नाडी आणखी मंदावते. फक्त काखेच्या घामासाठी किंवा चेहरा लाल होण्यासाठी आलेल्या रुग्णांचे समाधान तुलनेने कमी राहते. त्यांना हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

हृदयाकडे जाणारे हे तंतू तोडणेच काही रुग्णांचा जीव वाचवते. जन्मजात लाँग क्यूटी विकारात भीती किंवा श्रमाच्या क्षणी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. 1971 मध्ये मॉस आणि मॅकडोनाल्ड यांनी अशा रुग्णावर डाव्या बाजूची अनुकंपी शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले. आता औषधे पुरी पडत नसतील किंवा लय सुधारण्यासाठी बसवलेला डिफिब्रिलेटर वारंवार झटके देत असेल, तर डाव्या साखळीचा दुसऱ्यापासून चौथ्या गुच्छिकेपर्यंतचा भाग आणि वरच्या तारकाकृती गुच्छिकेचा फक्त खालचा अर्धा भाग काढतात. वरचा अर्धा डोळ्यासाठी राखतात.